सवड, सहल आणि विश्वामित्री

विश्वामित्री पावागडावर उगम पावते, उतरून बडोद्यात येते, कमाटीबागेच्या कडेनं वाहते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. उगमाच्या डोंगरावर कालिकामातेचे यात्रेकरू, शहरात काठावरच्या बागेत पाय मोकळे करायला आलेली माणसं, आणि खाली पात्रात मगरी. फुरसत, पर्यटन आणि पर्यावरण ही तीन नावं एकाच पदव्युत्तर पदवीत का बांधली असतील, असा प्रश्न पडला तर बडोदेकराला उत्तरासाठी लांब जावं लागत नाही.

याच नावाची एम.एससी. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठानं चालवली. वाखेनिंगेन मुळात शेतीचं विद्यापीठ. माती, पाणी, जंगल, जमिनीचा वापर हे तिथले जुने विषय. त्यामुळे तिथे पर्यटक दिसतो तो गिऱ्हाईक म्हणून कमी आणि जमिनीवर हक्क सांगणारा आणखी एक वाटेकरी म्हणून जास्त. शेतकऱ्याला बांध हवा असतो, पाखराला पाणथळ हवी असते, आणि शहरातल्या माणसाला रविवारी त्याच बांधावरून सायकल न्यायची असते. आपल्याकडे पर्यटनाचं उच्च शिक्षण बहुतेक व्यवस्थापनाच्या अंगानं वाढलं. १९८३ साली स्थापन झालेली आणि आता ग्वाल्हेरला मुख्यालय असलेली भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था एमबीए देते. दोन्ही शिक्षणांची गरज आहे, पण प्रवेश घेण्याआधी दोघांतला फरक नीट कळायला हवा. एकात हॉटेलच्या खोल्या कशा भरतील हे शिकवतात. दुसऱ्यात खोल्या भरल्यावर गावाच्या विहिरीचं काय होतं ते मोजायला लावतात.

डच पद्धतीत दोन वर्षांचे १२० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे २८ तास. म्हणजे एकूण ३,३६० तास. यातला वर्गात बसण्याचा वेळ थोडा, वाचनाचा आणि लिहिण्याचा फार. पहिल्या वर्षी विषय, दुसऱ्या वर्षी प्रबंध आणि इंटर्नशिप. पाठांतरावर पदवी काढलेल्या आपल्या मुलांना पहिले दोन-तीन महिने जड जातात, कारण परीक्षेत 'टिपा लिहा' नसतं. एक संशोधन-लेख देतात आणि यातलं काय पटत नाही ते सांगा, म्हणतात.

मराठीत इंग्रजी 'लेजर'ला (leisure, मोकळा वेळ) एक शब्द नाही आणि ते बरंच आहे. सवड काढावी लागते. उसंत मिळावी लागते. फुरसत असते किंवा नसते. विरंगुळा शोधतात. चार शब्दांची चार क्रियापदं पाहिली तरी कळतं की मोकळा वेळ आपोआप उगवत नाही. कुणीतरी दुसऱ्यानं काम अंगावर घेतलं की एकाला सवड होते. घरातली बाई नवरात्रात 'नऊ रात्री खेळायला' जाते तेव्हा तिच्या सवडीच्या आधी दोन वेळचा स्वयंपाक उरकलेला असतो, आणि त्याच घरातल्या पुरुषाच्या सवडीआधी बहुधा नसतो. अभ्यासक्रमातला फुरसतीचा भाग इथून सुरू होतो: कुणाकडे किती वेळ, तो कुणाच्या जिवावर, आणि तो कुठे घालवायची मुभा आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या (कारकीर्द १८७५ ते १९३९) राज्यात हा विचार कागदावर नाही तर विटांत दिसतो. १८७९ साली कमाटीबाग. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा, जिचं रूप आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत आहे. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी, आणि खेड्यांत लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालयं. कामावरून सुटलेल्या माणसानं जायचं कुठे, याचं उत्तर राज्यानं द्यायचं असतं, असं मानणारा हा कारभार होता. या विषयाचे विद्यार्थी फुरसतीचं धोरण समजून घ्यायला युरोपची उदाहरणं वाचतात, ती वाचावीतच. पण बडोद्याच्या मुलानं आपल्या निबंधात ही पेटी आणली नाही तर मला ती चूकच वाटते.

सिद्धांत बरेच आहेत, त्यांतले दोन रोज लागतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्सनं १९८२ मध्ये 'गंभीर फुरसती'ची कल्पना मांडली: वर्षानुवर्षं चिकाटीनं केलेला, कौशल्य मागणारा, माणसाला ओळख देणारा छंद. जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब शिकणारा पोरगा किंवा महिना-दीड महिना आधीपासून गरब्याच्या नव्या पावलांचा सराव करणारा गट या चौकटीत चपखल बसतो. गरब्याच्या मैदानाच्या कडेला आइस्क्रीम खात बसलेलं कुटुंब बसत नाही. दोघांच्या गरजा वेगळ्या, म्हणून दोघांसाठी एकच 'करमणूक केंद्र' बांधलं की दोघंही नाराज होतात.

दुसरा भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलरचा १९८० चा, पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा वक्र: ठिकाण आधी शोधलं जातं, मग गावकरी सहभागी होतात, मग विकास, मग स्थिरावणं, मग साचणं, आणि शेवटी घसरण किंवा नवा जन्म. परीक्षेत हा वक्र सगळे सुबक काढतात. तो बडोद्याच्या आसपास लावून पाहिला की खरी मजा. केवडियाला ३१ ऑक्टोबर २०१८ ला १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या झाल्याच नाहीत. सरकारनं थेट विकासाच्या पायरीवरून सुरुवात केली, आणि गावकऱ्यांच्या सहभागाचा प्रश्न मागून आला. तिथल्या आदिवासी गावांचा जमिनीचा प्रश्न तर १९६१ साली धरणाची पायाभरणी झाली तेव्हापासूनचा. उलट पावागडावर हा वक्र घसरतच नाही, कारण देवी फॅशनमधून जात नसते. यात्रेकरू रस्ता वाईट आहे म्हणून यायचा थांबत नाही, गर्दी आहे म्हणून तर मुळीच नाही. सिद्धांत कुठे मोडतो हे दाखवणारा प्रबंध सिद्धांत लागू करून दाखवणाऱ्या प्रबंधापेक्षा नेहमी सरस ठरतो.

पावागडानं आणखी एक पेच घातला आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे नेहमीच्या वावराबाहेर गेलेला माणूस रात्री मुक्काम केला तरच पर्यटक, नाहीतर एकदिवसीय पाहुणा. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा भाविक त्यामुळे पर्यटक ठरत नाही. पण त्याची गाडी, त्याची पाण्याची बाटली आणि त्याचं नारळ डोंगरावर पोचलेलंच असतं. हॉटेलच्या नोंदींवरून पर्यटन मोजलं की हा माणूस हिशेबातून गळतो. आणि खाली चांपानेर २००४ पासून जागतिक वारसा आहे. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा. तिथल्या रहिवाशाला पडकी भिंत उभारायची तरी कागद लागतो. वारसा जगाचा आणि भिंत याची, यातलं अंतर प्रश्नावलीत आणणं अवघड आहे, पण तेच आणायचं असतं.

आता मोजणीकडे. इथेच बहुतेक प्रबंध अडकतात.

समजा कमाटीबागेत दिवसाला किती माणसं येतात हे हवं आहे. आधी सगळी फाटकं नकाशावर घ्यायची, आणि नकाशावर नसलेली भिंतीतली फटही. प्रत्येक फाटकावर दोघं, एक आत येणाऱ्यांसाठी आणि एक बाहेर जाणाऱ्यांसाठी. तासातली १५ मिनिटं मोजायचं आणि चारानं गुणायचं. अख्खा तास मोजणारा माणूस तिसऱ्या तासाला चुकायला लागतो, म्हणून हा खंड. बाग उघडल्यापासून बंद होईपर्यंत, आठवड्यातले किमान तीन दिवस: एक कामाचा, एक शनिवार, एक रविवार. सणाचा आठवडा टाळायचा किंवा वेगळा मोजायचा. रात्री आत आणि बाहेरच्या बेरजा जुळवायच्या. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर कुठलं तरी फाटक राहिलं किंवा कुणी चहाला गेलं. अलीकडच्या रस्त्यावरून पलीकडच्या रस्त्यावर जायला बागेतून निघणारा कॉलेजचा मुलगा पाहुणा धरायचा की वाटसरू, हे पहिल्या दिवसाआधी ठरवून लिहून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी ठरवलं तर पहिले दोन दिवस वाया.

प्रश्नावलीला किती माणसं पुरतात, याचा नेहमीचा आकडा ३८५. लोकसंख्या मोठी, ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के चूक चालणार असेल तर १.९६ च्या वर्गाला ०.५ गुणिले ०.५ नं गुणून ०.०५ च्या वर्गानं भागलं की तो निघतो. एकूण माणसं हजारच असतील तर २७८ पुरतात. पण ३८५ हा आकडा गाठला म्हणजे नमुना चांगला झाला, हा समज फार पसरला आहे. बाकावर निवांत बसलेल्या ३८५ जणांना विचारलं तर निवांत बसणाऱ्यांचं मत कळतं. घाईत चालणारे, पोराच्या मागे धावणारी आई, फुगेवाला, सगळे सुटतात. त्यावर उपाय साधा आहे. फाटकाशी एक रेघ मनात धरायची आणि ती ओलांडणाऱ्या दर दहाव्या माणसाला थांबवायचं, तो कितीही घाईत दिसला तरी. नाही म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेवायची: वेळ, अंदाजे वय, स्त्री की पुरुष, एकटा की घोळक्यात. शंभरातल्या साठ बायका नाही म्हणत असतील तर तो निष्कर्षच आहे. कुटुंबाला थांबवलं की उत्तर पुरुष देतो. त्यामुळे दोघं विचारणारे बरोबर न्यावेत, एकानं नवऱ्याशी बोलावं, दुसरीनं बायकोशी.

प्रश्न आधी वीस-तीस जणांवर पारखून घ्यावेत. 'बाग स्वच्छ आणि सुरक्षित वाटते का?' हा एक प्रश्न दिसतो आणि दोन असतात, उत्तर 'हो' आलं तर कशाला आलं ते कळत नाही. 'तुम्ही कचरा टाकता का?' याला खरं उत्तर येत नाही. 'आज खाल्लेल्या वेफर्सचं पाकीट कुठे आहे?' याला येतं. बडोद्यात प्रश्नावली गुजराती, हिंदी आणि मराठी तिन्ही भाषांत हवी, आणि तिन्ही दुसऱ्या माणसाकडून उलटी भाषांतरित करून तपासलेल्या. 'फरवा जवुं' आणि 'फिरायला जाणं' एकच आहे असं वाटतं, पण त्यात बागेतली फेरीही येते आणि मनालीही. त्यामुळे 'गेल्या महिन्यात किती वेळा फिरायला गेलात?' या प्रश्नाची उत्तरं शून्य ते साठ अशी येतात.

दुसरा मोठा हिशेब वहनक्षमतेचा. कोणत्याही पाणथळीवर किती माणसं सोडावीत, हा प्रश्न वनखात्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. बडोद्याजवळ डभोई तालुक्यातलं वढवाणा तळं बडोदा संस्थाननं सिंचनासाठी बांधलं, २०२१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलं, आणि थंडीत मध्य आशियाच्या हवाई वाटेनं येणारी पाणपाखरं तिथे उतरतात. अशा तळ्याच्या बांधावरच्या वाटेचा एक काल्पनिक हिशेब घालून पाहू. वाट एक किलोमीटर. दहा-दहांचे गट, दोन गटांमध्ये अंतर धरून प्रत्येक गटाला १०० मीटर, म्हणजे एका वेळी दहा गट, शंभर माणसं. वाट रोज सहा तास उघडी आणि एका फेरीला दोन तास, म्हणजे दिवसात तीन फेऱ्या. ही झाली भौतिक क्षमता: ३००. आता सहांपैकी दोन तास उन्हाचे, उपयोगाचे चारच, म्हणून ३०० चे २००. वर्षातले तीन महिने चिखल, म्हणून २०० चे १५०. आणि रखवालदार, वाटाडे, शौचालयं यांची गरजेच्या ६० टक्केच सोय असेल तर १५० चे ९०. तीनशेवरून नव्वद. सिफुएंतेस यांच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत कागदावर अगदी पक्की दिसते.

चूक कुठे होते ते पाहा. चिखलाचे तीन महिने वर्षभराच्या सरासरीत मिसळले, पण पाहुणे सरासरीनं येत नाहीत. पावसाळ्यात कुणीच नाही, आणि जानेवारीतल्या एका रविवारी सगळेच. प्रत्येक माणूस सारखाच धरला, पण बांधावर हॉर्न वाजवत आलेली एक गाडी पन्नास गप्प माणसांपेक्षा जास्त पाखरं उडवते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुणक वाटेल ते धरता येतात. ९० चं उत्तर हवं असेल तर ९०, १८० हवं असेल तर १८०. म्हणून १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या वनसेवेच्या संशोधकांनी प्रश्नच फिरवला: किती माणसं चालतील असं विचारू नका, किती बदल चालेल ते ठरवा. एक निर्देशक निवडा, उदाहरणार्थ माणूस किती मीटरवर आला की बदकांचा थवा उडतो. सीझनच्या सुरुवातीला मोजा. मर्यादा आधी जाहीर करा. ती ओलांडली की काय करायचं, वाट बंद की गाड्या बंद, तेही आधीच लिहून ठेवा. याला दरवर्षी माणूस लागतो, पैसा लागतो, म्हणून कचेऱ्यांना तो एकच आकडा आवडतो. मला ९० हा आकडा पाटीवर लिहिण्यापेक्षा डिसेंबरात दर आठवड्याला थवा उडण्याचं अंतर मोजणारा एक तरुण जास्त कामाचा वाटतो.

गाड्या बाहेर ठेवणं हा बऱ्याच ठिकाणचा खरा उपाय आहे. वाखेनिंगेनपासून जवळच्या दे होहे वेलुवे राष्ट्रीय उद्यानात पाहुण्यांना पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. पावागडावर नवरात्रात खासगी गाड्या पायथ्याशी अडवून डोंगराच्या मध्यावरच्या माचीपर्यंत एसटी सोडतात. ही दोन टोकांची उदाहरणं एका प्रकरणात शेजारी ठेवली तर प्रबंधाला उंची येते. कार्बनचा हिशेबही सोबत करता येतो. जाऊन-येऊन १०० किलोमीटर, मोटार लिटरला १५ किलोमीटर देते, तर ६.७ लिटर पेट्रोल. एका लिटरला साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे १५ किलो, चौघांत वाटला तर माणशी चारच्या आत. भरलेली बस याच्या तिसऱ्या हिश्श्यात नेते. परदेशी शिकायला जाणाऱ्याच्या विमानाच्या एका जाण्यायेण्यापुढे हे दोन्ही आकडे किरकोळ, आणि तोही हिशेब या अभ्यासात मांडायचा असतो.

पैशात मोल काढायची पद्धतही शिकवतात: माणूस ज्या जागेसाठी जितका खर्च करून येतो त्यावरून तिची किंमत. लांबून येणाऱ्यांचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातून दर हजारी किती भेटी ते काढायचं, खर्च वाढतो तशा भेटी किती घटतात त्याची रेघ ओढायची. केवडियाला ही रेघ निघते, फक्त मुंबईहून आलेल्यानं त्याच फेरीत पावागड आणि लक्ष्मीविलास राजवाडाही केला असेल तर खर्च तिघांत कसा वाटायचा यावर भांडण होतं. कमाटीबागेत मात्र रेघच निघत नाही. रोज पहाटे चालत येणाऱ्या आजोबांचा प्रवासखर्च शून्य. ज्याच्या आयुष्यात बाग सगळ्यात जास्त आहे, त्याच्याकडूनच या पद्धतीला काही कळत नाही. म्हणून मुलाखती.

मुलाखतीत एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास उतरवून काढायला लागतात. वीस मुलाखती म्हणजे आठवडे, दिवस नव्हेत. बडोद्याचा मराठी माणूस एका वाक्यात तीन भाषा बोलतो. ते जसंच्या तसं उतरवावं आणि फक्त उद्धृत करायच्या ओळींचं इंग्रजी करावं. आधीच इंग्रजी केलं की त्यातली खोच जाते. ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरुवातीलाच मागावी, आणि यंत्र बंद केल्यावर माणूस जे सांगतो ते त्याला विचारल्याशिवाय वापरू नये.

पुढे नोकरी काय, याचं उत्तर थोडक्यात: वारसास्थळांचे आराखडे, वनखात्याचे निसर्ग-पर्यटन प्रकल्प, नगरनियोजन, परिणाम-अभ्यास करणाऱ्या संस्था, अध्यापन. ट्रॅव्हल एजन्सी काढता येते, पण त्यासाठी ३,३६० तास लागत नाहीत.

आणि नदी. विश्वामित्रीच्या काठानं फरसबंदी करून फिरायची जागा करावी ही इच्छा शहराला आहे, ती चुकीची नाही. पण मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि उरलेल्या दिवसांत त्याच काठात बिळं करते. उतार सिमेंटनं बांधला की तिला जागा उरत नाही. काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीची २६ फूट ही धोक्याची पातळी. ती ओलांडली की माती-झाडोऱ्याचा काठ आणि बांधीव काठ पुराला वेगवेगळे वागतात. माणसाला चालता येईल आणि मगरीला अंडी घालता येतील असा काठ शहरात कुठे, किती लांब ठेवता येईल? यावर एक नीट प्रबंध व्हायला हवा. पात्र ५०-५० मीटरच्या तुकड्यांत नकाशावर पाडायचं. प्रत्येक तुकड्याचा उतार, माती, झाडोरा, पायवाटा, कचरा आणि बसणारी माणसं नोंदवायची. मगरी मोजायला हिवाळ्यातली उन्हं चढलेली सकाळ निवडायची, कारण तेव्हा त्या उन्हाला बाहेर येतात. मोजायचं पुलावरून किंवा समोरच्या काठावरून, दुर्बिणीनं, दोघांनी वेगवेगळं, आणि दोघांच्या आकड्यांतला फरकही लिहून ठेवायचा. पाण्याच्या कडेला उतरायचं नाही.